जिनिंगमधला वारा

आमच्या अक्काची छाती जिनिंगच्या धुळीनं भरत चालली होती, त्याच वर्षांत मी हैदराबादला हवेच्या प्रवाहाची गणितं करत होतो. हे कुणाला सांगायला जावं तर ऐकणारा सावरून बसतो आणि विचारतो, "अरे वा, मग काढलात का काही मार्ग?" म्हणून मी सहसा सांगत नाही.

आम्ही धाराशिवजवळच्या बेंबळीचे. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर आमच्या घरातला देव्हारा गेला आणि त्या जागी पोरांना शिकवायचं, एवढा एकच हट्ट आला. बाहत्तरच्या दुष्काळात आई, दादा म्हणजे आमचे वडील, आणि अक्का तिघंही सरकारी कामावर खडी फोडायला जायचे. मी धाराशिवच्या वसतिगृहात होतो, तिथं जेवण मिळत होतं, म्हणून माझी शाळा चालू राहिली. अक्काची त्या वर्षी सुटली ती सुटलीच. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी.  सुट्टीत मी घरी गेलो की ती माझी पुस्तकं चाळायची, आकृत्या बघायची आणि जिथून उचललं तिथंच परत ठेवायची.

तिचं लग्न धाराशिवातल्याच एका मुलाशी झालं. दाजी सहकारी जिनिंगमध्ये प्रेसवर होते, म्हणजे रुई दाबून तिच्या गाठी बांधायच्या कामावर. तेव्हा आमच्या भागात जो तो सोसायटी काढत होता. दुधाची, तेलाची, सुताची. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी मिळून ही जिनिंग उभी केली होती. लग्नानंतर वर्षभरात अक्काही तिथं जायला लागली. बायांचं काम यंत्रावर कापूस घालायचं. यंत्र सरकी खाली पाडायचं, रुई पुढं टाकायचं, आणि त्या ओढाताणीत कापसाबरोबर आलेला वाळका पाला, बोंडाची सालं, शेतातली माती सगळं बारीक होऊन हवेत उठायचं. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा पदरानं तोंडं बांधलेल्या, भुवया पांढऱ्या झालेल्या बायांची एक रांग दिसली. अक्का कोणती ते मला चेहऱ्यावरून कळेना. एका पायावर भार देऊन उभं राहायची तिची सवय होती, त्यावरून ओळखलं.

त्या बायांचा खोकला आठवड्याच्या सुट्टीनंतर वाढायचा. घरी असल्या की बरं वाटायचं, आणि परत कामावर उभ्या राहिल्या की दुपारपर्यंत छातीवर कुणी बसल्यागत व्हायचं. "सुट्टी बाधली," असं त्या म्हणायच्या आणि हसायच्या. दोन हंगामांनंतर अक्काचा खोकला सुट्टीतही जाईना. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, टीबी नाही. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. दादांनी विहारात जाऊन मेणबत्ती लावली.

मी तोवर इंजिनिअर होऊन पुढच्या शिक्षणासाठी हैदराबादच्या एका संस्थेत गेलो होतो. माझा विषय टर्ब्युलन्स. नळातून, पंख्यातून, धुराड्यातून जाणारी हवा सरळ वाहत नाही. तिच्यात लहानमोठे भोवरे उठतात, फुटतात, एकमेकांना गिळतात. त्यातला एकेक भोवरा मोजणं तेव्हाच्या कुठल्याही कॉम्प्युटरला शक्य नव्हतं. म्हणून सगळ्या भोवऱ्यांचा मिळून परिणाम काय होईल याचा एक अंदाज समीकरणांत बसवायचा. त्या अंदाजाला मॉडेल म्हणतात. अशी मॉडेल्स तपासायची, हे माझं काम. एकीकडं कॉम्प्युटरनं काढलेला वेग, दुसरीकडं प्रयोगशाळेत मोजलेला वेग, आणि दोन्ही जुळतात का ते बघायचं. ज्या मॉडेलची त्या काळात चलती होती ते सरळ नळात छान जुळायचं. अवघड जागी काय करतं, हा प्रश्न होता.

माझे सर तेलुगू, बोलणं मोजकं. त्यांनी मला एक सोपा प्रवाह सुचवला. पायरीवरून खाली उतरणारी हवा. त्याची मोजमापं पुष्कळांनी केली होती. "वेळेत सुटशील," ते म्हणाले.

मी म्हणालो, "सर, मला सायक्लोन घ्यायचाय."

सायक्लोन म्हणजे धूळ पकडायचं पत्र्याचं पिंप. वर गोल, खाली निमुळतं. धुळीची हवा कडेनं आत सोडायची, ती आत गरगर फिरते, धूळ भिंतीकडं फेकली जाऊन खाली पडते आणि स्वच्छ हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. निदान तसं व्हावं अशी अपेक्षा असते.

सर म्हणाले, "गरगर फिरणाऱ्या हवेत हे मॉडेल टिकणार नाही. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग?"

मी त्यांना जिनिंगचं सांगितलं, अक्काचं सांगितलं. त्यांनी पायरीच्या प्रवाहाचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण त्रास होईल."

जिनिंगमध्ये एक सायक्लोन आधीच बसवलेला होता. चेअरमन आडत दुकान चालवणारे लिंगायत गृहस्थ, घरात कानडी बोलणारे, कपाळाला विभूती. बायांच्या खोकल्याची त्यांना खरीच काळजी होती. पहिल्यांदा भेटलो तेव्हा ते मला हाताला धरून शेडमागं घेऊन गेले. "इंजिनिअर साहेब, सोलापूरच्या कारागिरानं फोटो बघून बनवलंय. आवाज लई करतंय, धूळ काय धरत न्हाय. तुमी सांगा कसं करायचं, आपण करू."

मी मापं घेतली. हँडबुकात दिलेल्या प्रमाणात नवी आकृती काढून दिली आणि त्याच कारागिरानं ते पिंप नव्यानं बनवलं. चालू केलं त्या दिवशी खालचा डबा सालांनी आणि मातीनं भरून गेला. चेअरमननी पेढे वाटले. मीही खाल्ला. पंधरा दिवसांनी अक्काला विचारलं तर ती म्हणाली, "माती गेली रं. बारीक हाय ती हायच."

तिचं खरं होतं. छपराच्या फटीतून उन्हाच्या तिरिपी आत यायच्या, त्यांत ती धूळ दिसायची. पिठासारखी, हलकी. सायक्लोनच्या वरच्या नळीतून ती बाहेर पडायची आणि वाऱ्याबरोबर खिडक्यांतून परत आत यायची. छातीत जाऊन बसते ती हीच. हँडबुकातली मापं जाड धुळीसाठी होती. बारीक धुळीला कोणता आकार लागेल, हे कळायचं तर आतली हवा नेमकी कशी फिरते ते कळायला हवं होतं, आणि ते सांगायला माझ्याकडं मॉडेल होतं.

मी संस्थेच्या वर्कशॉपमध्ये पारदर्शक प्लास्टिकचा एक लहान सायक्लोन बनवून घेतला आणि त्यात वेग मोजायची बारीक नळी घालून जागोजागी वेग मोजले. त्यातच पावसाळा गेला. मग तोच सायक्लोन कॉम्प्युटरवर सोडवायला घेतला. गणिताच्या भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा कॉम्प्युटर विभागाच्या खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापलेल्या उत्तराच्या कागदाची घडी घेऊन यायची. पहिलं उत्तर आलं तेव्हा मी ते आलेखावर मांडलं आणि त्यावरच माझ्या मोजमापांचे ठिपके दिले. मॉडेलनं आतली सगळी हवा बैलगाडीच्या चाकासारखी एकसंध फिरवली होती, मध्याशी हळू आणि कडेला जोरात. माझी मोजमापं नेमकं उलटं सांगत होती. खरी हवा मध्याकडं येईल तसा वेग घेत होती आणि अगदी गाभ्यात जाऊनच मंदावत होती. नुसता आकड्यांचा फरक असता तर गोष्ट वेगळी. इथं प्रवाहाचं रूपच चुकलं होतं.

सर म्हणाले होते तसंच झालं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. "मॉडेल कुठं चुकतं ते तुला सापडलं. हाही निष्कर्षच आहे," एवढंच म्हणाले.

मला निष्कर्ष नको होता. मला पिंपाचं माप हवं होतं.

मग मी मॉडेलमधला एक स्थिरांक हलवायला लागलो. थोडा कमी, अजून थोडा कमी. हळूहळू वक्र सरकत सरकत माझ्या ठिपक्यांवर येऊन बसला. त्या दिवशी मी आबिड्सच्या बाजारात जाऊन एकटाच चहा-बिस्किटं खाऊन आलो. घरी कळवलं की पुढच्या हंगामाला नवं पिंप बसवू. मग खात्री म्हणून मधली नळी जरा रुंद असलेला दुसरा सायक्लोन बनवला, वेग मोजले, आणि तोच स्थिरांक घालून गणित केलं. काहीच जुळेना. पहिल्यापेक्षाही वाईट.

सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले. "हवा कशी वागते ते या मॉडेलला कळलेलं नाही," ते म्हणाले. "एका पिंपाचं उत्तर तू त्याच्याकडून पाठ करून घेतलंस."

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर, जिनिंगचा हंगाम अजून चालू असताना घरी गेलो, तेव्हा धाराशिवात टँकर सुरू झाले होते. पाऊस ओळीनं दुसऱ्या वर्षी हुकला होता. अक्काच्या गल्लीत टँकर आला की बाया धावायच्या. ती उंबऱ्यात बसून राहायची आणि शेजारीण तिची घागर भरून आणायची. अक्का पस्तिशीचीही नव्हती. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबून श्वास घ्यायची आणि पुढं काय म्हणायचं होतं ते सोडून द्यायची.

"तू काय करतूस तिथं दिसभर?" तिनं विचारलं.

मी सांगायचा प्रयत्न केला. हवेचे भोवरे, समीकरणं, कॉम्प्युटर. ती ऐकत होती, पण तिला ते ऐकायचं नव्हतं. माझं संपल्यावर म्हणाली, "चेअरमनला तू बोललास तर ते ऐकतेल. मला बाहीरच्या अंगणात काम द्या म्हणावं. कापूस निवडायचं. आत उभं ऱ्हावत न्हाय आता."

"काम सोडूनच दे ना."

"आन् मग? ह्यांच्या एकल्याच्या हातावर पोरं धरून चार तोंडं हायेत."

मी चेअरमनकडं गेलो. त्यांनी दुसऱ्या शब्दाची वाट न बघता तिला बाहेर घेतलं. अंगणात कापसाच्या ढिगाशी बसून पाला, कवडी म्हणजे किडका कापूस, निवडायचं काम. वर पत्रा नव्हता, डोक्यावर ऊन, पण हवा मोकळी होती. दोन-तीन आठवड्यांनी दाजींनी कळवलं, तिला जरा उतार आहे, रात्री झोप लागते. मी ते वाचून वेड्यासारखा कामाला लागलो.

पुढचं मॉडेल अवघड होतं. आधीच्या मॉडेलची चूक अशी की ते भोवऱ्यांना सगळ्या दिशांना सारखंच धरत होतं, आणि गरगर फिरणाऱ्या हवेत ते सारखे राहत नाहीत. म्हणून आता प्रत्येक दिशेचा ताण वेगळा काढायचा होता. त्यासाठी आणखी सहा समीकरणं आणि ती सगळी एकमेकांत अडकलेली. कॉम्प्युटर ती सोडवायला घ्यायचा, काही फेऱ्या व्हायच्या आणि आकडे फुगायला लागायचे. आकडा ठरलेल्या जागेत मावेनासा झाला की छापताना त्याच्या जागी चांदण्या येतात. घडी उलगडली की पानभर चांदण्या. असं जवळजवळ वर्षभर चाललं. रोज सकाळी खिडकीवर जायचं, घडी घ्यायची, जिन्यातच उलगडायची. खिडकीवरचा माणूस मला बघितलं की आधीच मान हलवायचा. "आज भी तारे हैं जी," म्हणायचा. त्याला वाईट वाटायचं, आणि त्याला वाईट वाटतंय याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

घरची खबर त्याहून वाईट होती. तिसऱ्या वर्षीही पाऊस धड झाला नाही. ज्यांनी कापूस लावला होता त्यांचा जागेवर जळाला. बाकीच्यांनी लावलाच नाही. जिनिंग हंगामात चार महिने चालायची ती तीन-चार आठवड्यांत थांबली. अंगणातलं काम आधी संपलं. कापूस थोडा, तो थेट आतच जायचा. अक्का परत आत यंत्रावर उभी राहिली. कुणी तिला जबरदस्ती केली नाही. आहेत तेवढे दिवस हाताला काम मिळतंय तर का सोडायचं, असं तिनं ठरवलं. ते आठवडे तिला भारी पडले.

त्याच थंडीत एका सकाळी घडी उलगडली आणि चांदण्या नव्हत्या. आकडे होते. मी आलेख काढला. वक्र ठिपक्यांवर बसला. दुसऱ्या सायक्लोनसाठी काहीच न हलवता गणित केलं, तिथंही बसला. सरांनी मला खुर्चीत बसवून स्वतः चहा आणला.

आता उरलेलं काम सोपं होतं. त्या हवेत धुळीचे कण सोडायचे आणि ते कुठं जातात बघायचं. जाड कण भिंतीला जाऊन खाली पडत होते. बारीक कण भिंतीपर्यंत पोहोचत होते आणि भोवरे त्यांना उचलून पुन्हा मध्याकडं आणत होते. मी आकार बदलले. पिंप अरुंद केलं, लांब केलं, नळी खोल घातली. जिनिंगच्या पंख्याचा जोर धरून जे जे करून बघता येईल ते सगळं केलं. उत्तर प्रत्येक वेळी तेच. ती धूळ त्या पंख्यावर कुठल्याही सायक्लोननं पकडली गेली नसती. तिला कापडी पिशव्यांची मोठी गाळणी लागते, आणि तसली यंत्रणा त्या सोसायटीच्या आवाक्यात कधीच नव्हती. इतकी वर्षं मॉडेल चुकीचं म्हणून मला उत्तर मिळत नव्हतं. आता मॉडेल बरोबर होतं आणि ते नाही म्हणत होतं.

तरी मी आकृत्या घेऊन धाराशिवला गेलो. दोन सायक्लोन पाठोपाठ लावले तर निदान थोडी कमी होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. जिनिंगच्या फाटकाला कुलूप होतं. चेअरमन आडतीच्या दुकानात रिकाम्या तराजूशेजारी बसलेले भेटले. सोसायटी अवसायनात निघाल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. मी आकृत्या उघडायला लागलो तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या साहेब. आता धूळच न्हाय तिथं."

अक्का सरकारी दवाखान्यात होती. नाकाला नळी, उशाशी दाजी पाय मुडपून बसलेले. तिनं मला बघितलं आणि खुणेनं खाटेवर बसायला सांगितलं. मी बसलो. श्वास घेण्यातच तिची सगळी ताकद जात होती. मी तिची छाती वरखाली होताना बघत होतो. हवा आत जायला किती धडपडते आहे, कुठं अडते आहे, हे मला त्या वॉर्डातल्या कुणापेक्षाही जास्त कळत होतं, आणि त्या कळण्याचा तिला कवडीचा उपयोग नव्हता. मी बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. पाच-सात दिवसांनी, दुपारी, ती गेली. डॉक्टर म्हणाले, दमा. दादांनी त्यांना नमस्कार केला. पुण्यानुमोदनाच्या विधीला जिनिंगवरच्या बाया आल्या होत्या. वंदना चालू असताना त्यांच्यातलं कुणी ना कुणी खोकत होतं.

माझी तोंडी परीक्षा त्यानंतर झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांना काम फार आवडलं. गरगर फिरणाऱ्या प्रवाहात जुनं मॉडेल का चालत नाही आणि नवं का चालतं, हे इतकं स्वच्छ दाखवलेलं त्यांनी क्वचितच बघितलं होतं म्हणे. शेवटी एकानं विचारलं, "हाच प्रश्न का निवडलात?" मी म्हणालो, अवघड होता म्हणून. सर खाली मान घालून कागद नीट लावत बसले.

नंतर मला हैदराबादलाच नोकरी लागली. आई-दादांना भेटून परत निघालो की नळदुर्गला गाडी जेवायला थांबायची. एकदा तिथल्या ढाब्यावर तंदूरशी दाजी दिसले. जिनिंग बंद झाल्यावर ते पोरांना आपल्या आईकडं ठेवून इकडं आले होते, हे मला कळलं होतं, पण कुठल्या ढाब्यावर ते माहीत नव्हतं. मला बघून ते ओशाळले. बाईनं पदर सावरावा तसा त्यांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला.

"बसा भाऊ. काय खाणार?"

"काही नको. तुमच्याजवळ उभा राहतो."

ते रोट्या थापत राहिले. पोरांची शाळा, दादांचे गुडघे, थोडं इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, "तुमचं ते शिक्षण झालं का पुरं?"

"झालं."

"त्यात आमच्या जिनिंगचं आलंय व्हय?"

"आलंय."

"काय आलं मग?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. ते पिंप कसंही बनवलं असतं तरी ती बारीक धूळ त्यात थांबली नसती.

त्यांचा हात थांबला. "म्हंजी तुमी लवकर केलं असतं तरी बी न्हाय?"

"तरी नाही."

त्यांनी तंदूरमधली रोटी काढून ताटात टाकली. मला वाटलं, त्यांना यात कुठं तरी दिलासा मिळेल. मला तर मिळाला नव्हता. "असं हाय व्हय," ते म्हणाले आणि पुढचा गोळा हातात घेतला. तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. वाकून, पंचा तोंडाशी धरून ते बराच वेळ खोकत राहिले.

"तंदूरचा धूर," डोळे पुसत ते म्हणाले.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी गाडीत येऊन बसलो.